मिक्सिंगच्या मशीनला किती रॅम घालावी?

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधात मिक्सिंगचं, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगचं, काम वर्षभर सारखं नसतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि पार उन्हाळा संपेपर्यंत हार्ड डिस्का भरत जातात. मध्ये पौष येतो. तेव्हा लग्नं थांबतात, पण यमाईच्या यात्रेचं शूटिंग असतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून खटाव-माणच्या मैदानांवर कॅमेरा घेऊन फिरणारी पोरंही वाढली. आश्विनात संगीत महोत्सव असतो. गायक अंतुबुवांनी शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवात एकेका गायकाचं गाणं तास-दीड तास चालतं, आणि कॅमेरे मध्येच बंद करता येत नाहीत.

लग्न, यात्रा, शर्यत आणि मैफल. गावातला एडिटर ही चारही कामं एकाच मशीनवर करतो आणि प्रत्येक काम मशीनकडे निराळं काही मागतं. मशीन घ्यायला दुकानात गेल्यावर मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, ‘दादा, रॅम किती टाकू?’ उत्तरही ठरलेलं, ‘टाका की बत्तीस. पळंल बघा मशीन.’

ज्याला घाई आहे त्याच्यासाठी माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ८ जीबीवर आता एडिटिंगचा धंदा करू नये. फुल एचडीचं काम असेल तर १६ पुरते. ४के फुटेज नेहमी येत असेल तर ३२ घ्यावी आणि तिथेच थांबावं. ६४ जीबी फार थोड्यांना लागते, आणि ज्यांना लागते त्यांना ते बहुधा आधीच कळलेलं असतं. पण रॅम विकत घेण्याआधी मशीन नेमकं कुठे अडतंय हे पाहिलं नाही, तर हे आकडे पाठ करूनही पैसे वाया जातात. माझे गेले आहेत, ते पुढे सांगतो.

रॅम नेमकी काय करते ते आपल्याच मुलखातल्या एका सिनेमावरून सांगतो. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे कैद्यांची मोकळी वसाहत वसवली. त्या प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. त्या काळी संकलन फिल्मच्या पट्ट्या कापून, चिकटवून होत असे. ज्या प्रसंगावर काम चालू आहे त्याच्या पट्ट्या संकलकाच्या हाताशी टांगलेल्या असत आणि बाकी रिळं डब्यात बंद. टांगायला जागा कमी असेल, तर दर दोन मिनिटांनी उठून डबा उघडा, पट्टी काढा, दुसरी परत ठेवा. तुमची हार्ड डिस्क म्हणजे ते डबे आणि रॅम म्हणजे हाताशी टांगायची जागा. जागा वाढली म्हणून कात्री जास्त वेगाने चालत नाही. ती चालवणारा हात म्हणजे प्रोसेसर. जागा वाढली की फक्त उठबस थांबते. ही उठबस होत असेल तरच रॅम वाढवण्यात अर्थ आहे.

आता थोडा हिशेब. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. एका ठिपक्याला चार बाइट धरले तर उलगडलेली एक फ्रेम सव्वाआठ एमबीची होते. ४के मध्ये ठिपके चौपट, सुमारे ८३ लाख, म्हणजे एक फ्रेम ३३ एमबीची. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम धरतात, तेव्हा ४के चा एक सेकंद उलगडला तर ८३० एमबी झाला. रंगाचं काम बारकाईने करणारी सॉफ्टवेअर आतून प्रत्येक ठिपक्याला चौपट जागा देतात. मग तोच एक सेकंद ३.३ जीबीवर जातो. कार्डावर फाइल लहान दिसते, कारण कॅमेऱ्याने ती दाबून भरलेली असते. प्ले करताना ती उलगडावीच लागते. शिवाय एच.२६४ किंवा एच.२६५ फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी क्लिक केलं, की ती एक फ्रेम दाखवण्यासाठी आजूबाजूच्या अनेक फ्रेम उघडाव्या लागतात.

यातून लक्षात घ्यायची गोष्ट ही, की व्हिडिओ किती लांब आहे यावर रॅमचा खर्च फारसा ठरत नाही. सॉफ्टवेअर पूर्ण दोन तास एकदम उलगडून ठेवत नाही, प्लेहेडच्या आसपासचं तेवढं ठेवतं. रॅम खाल्ली जाते ती एका वेळी किती कॅमेरे चालू आहेत, चित्र किती मोठं आहे, किती थर एकावर एक ठेवलेत आणि किती इफेक्ट लावलेत यावर. म्हणूनच दीड तासाची मैफल एका कॅमेऱ्यावर एचडीत घेतली असेल, तर ती १६ जीबीवर आरामात निघते. तीच तीन कॅमेऱ्यांनी ४के मध्ये घेतली आणि मल्टिकॅम लावून तिन्ही खिडक्या एकदम चालवल्या, तर १६ जीबीचं मशीन धापा टाकतं. उलट चार मिनिटांच्या लग्नाच्या हायलाइटमध्ये ड्रोनचं फुटेज, स्लो मोशन, वरून चमचमणारं टायटल, रंगाचे दोन-तीन थर आणि स्क्रीनभर उडणाऱ्या पाकळ्या असतील, तर ती चार मिनिटं त्या मैफलीपेक्षा जास्त मेमरी मागतात. नवशिक्यांचा अंदाज इथेच चुकतो.

शर्यतीचं काम तिसऱ्या प्रकारचं. गट, सेमी, फायनल असा दिवसभराचा डाटा येतो, पण कापायचा असतो सरळ. एक फेरा, वर चॅनेलचा लोगो, खाली नावांची पट्टी. निशाणाजवळची शेवटची काही सेकंदं तेवढी सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेमने घेतलेली असतात. यात रॅमवर ताण कमी असतो. खरी घाई त्याच संध्याकाळी व्हिडिओ चढवायची असते. त्यासाठी एसएसडी, कार्ड रीडर आणि ग्राफिक्स कार्डातून होणारं एक्सपोर्ट महत्त्वाचं. शर्यतीचंच काम करणाऱ्याने १६ जीबीवर थांबून उरलेल्या पैशात चांगली एसएसडी घेतली तर तो शहाणपणा ठरेल.

सॉफ्टवेअरवाले स्वतः काय सांगतात तेही बघा. अडोबी प्रीमियर प्रो एचडीसाठी १६ आणि ४के साठी ३२ जीबी सुचवतं. दाविंची रिझॉल्व्ह चालवायला १६ सांगतात आणि त्यातलं फ्यूजन वापरणार असाल तर ३२. आपल्या भागातल्या लग्नाच्या मिक्सिंगमध्ये ईडियस पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते अंगाने हलकं असल्याने १६ जीबीत खूष असतं. या आकड्यांत एक गोष्ट धरलेली नसते. विंडोज ११ उघडल्या उघडल्याच तीन-चार जीबी घेतं. त्यात ब्राउझरमध्ये गाणी शोधायला दहा टॅब उघडलेले, बाजूला गिऱ्हाइकाशी बोलायला व्हॉट्सअ‍ॅप आणि फोटोंसाठी फोटोशॉप. म्हणजे १६ मधले पाच-सहा जीबी कामाला हात लागण्याआधीच गेले. रात्री एक्सपोर्टला लावून झोपणारे बाकी सगळं बंद करतात, म्हणून त्यांचं मशीन रात्री शहाण्यासारखं वागतं आणि दिवसा हँग होतं.

आता तपासणी. हिला एक पैसा लागत नाही आणि या लेखातलं एवढं एकच तुम्ही केलंत तरी मला समाधान वाटेल. नेहमीचा सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा आणि टाइमलाइन चालू ठेवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा. मशीन अडखळत असताना मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही शंभराला टेकलेली दिसत असेल, तर रॅम कमी पडतेय आणि विंडोज डिस्कवर उठबस करतंय. तेव्हा रॅम घ्या, फरक त्याच दिवशी दिसेल. मेमरी साठ टक्क्यांवर असून प्रोसेसर शंभरावर असेल, तर रॅम दुप्पट करूनही मशीन तितकंच अडखळेल. दोन्ही निवांत असून डिस्क शंभरावर असेल, तर फुटेज जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर किंवा बाहेरच्या हळू डिस्कवर ठेवलेलं आहे. ते एसएसडीवर आणा.

चौथी अडचण माझी स्वतःची. दोन लग्नसराईंपूर्वी रिझॉल्व्हमध्ये रात्रीच्या हळदीच्या फुटेजवरचे दाणे कमी करत होतो. चौकट आली, जीपीयूची मेमरी भरली. मेमरी हा शब्द वाचला आणि मशीन उचलून एका दुकानात नेलं. दुकानदाराने टास्क मॅनेजर उघडून पाहिला नाही, मीही पाहायला लावला नाही. १६ च्या ३२ झाल्या, पैसे दिले, घरी आलो, तीच क्लिप लावली आणि तीच चौकट आली. ती मेमरी ग्राफिक्स कार्डाच्या अंगावर बसवलेली असते, तिला व्हीरॅम म्हणतात. वेगळं कार्ड असेल तर मदरबोर्डवर कितीही रॅम लावली तरी व्हीरॅम वाढत नाही. माझं कार्ड ४ जीबीचं होतं आणि ४के वर दाणे काढण्याचं काम त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. टाइमलाइन एचडीवर आणली, काम झालं. नव्या कार्डात ८ जीबी व्हीरॅम बघून घ्यायची हे मी त्या रात्री शिकलो. वेगळं कार्डच नसेल तर गोष्ट उलटी. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तुमच्या रॅममधूनच वाटा घेतं, म्हणून अशा मशीनला १६ ऐवजी ३२ चा खरा फायदा होतो.

आता भाव. २०२४ मध्ये डेस्कटॉपची १६ जीबीची डीडीआर४ स्टिक साधारण तीन हजारांच्या आसपास मिळायची, डीडीआर५ साडेचार-पाच हजारांना. म्हणजे जीबीमागे दोनशे आणि तीनशे रुपये. २०२५ च्या उत्तरार्धात हे गणित मोडलं. एआयच्या डाटा सेंटरना मेमरी प्रचंड लागते, कारखान्यांनी माल तिकडे वळवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल नावाने किरकोळ ग्राहकाला माल विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. किरकोळ भाव दुपटीच्याही पुढे गेले. अशा बाजारात भाव आठवड्याला हलतो, म्हणून भाव तोलायची सवय लावून घ्या. जीएसटी धरून एकूण रक्कम विचारा आणि तिला जीबीने भागा. समजा, १६ ची एक स्टिक ९,६०० ला सांगितली, तर जीबीमागे ६०० झाले. दोन स्टिकांची ३२ ची जोडी १७,६०० ला मिळत असेल, तर ५५०. रॅमवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिलाशिवाय कमी करून देतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. चांगल्या कंपन्यांच्या रॅमला अनेक वर्षांची वॉरंटी असते आणि ती मागायला बिल लागतं. बिलावर स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्या.

सातारा, कराड, सांगली इथे एक-दोन ठिकाणी विचारा. पुण्याचा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा भाव फोनवर घ्या, आणि फरक प्रवासखर्चाएवढाच असेल तर जवळच्या दुकानात घ्या. स्टिक बिघडली तर तिथे एसटीने जाऊन येता येतं. ऑनलाइन मागवणाऱ्याने पत्त्यात औंधच्या पुढे तालुका खटाव, जिल्हा सातारा आणि बरोबर पिनकोड लिहावा. नुसतं औंध लिहिलं की पार्सल पुण्याच्या औंधात फिरत बसतं.

घेताना जोडीने घ्या. १६ ची एक स्टिक लावण्यापेक्षा ८ च्या दोन चांगल्या, कारण दोन्ही वाटांनी डाटा जातो. पण पुढे वाढवायचं मनात असेल आणि बोर्डावर दोनच जागा असतील, तर आज १६ ची एक घेऊन वर्षाने दुसरी तशीच लावणं किफायतीचं. चार जागांच्या बोर्डावर जोडी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत लावतात. डीडीआर५ मध्ये चारही जागा भरल्या तर वेग खाली येतो, म्हणून ८ च्या चार नकोत, १६ च्या दोन घ्या. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. लॅपटॉपची स्टिक आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही. वेगाच्या आकड्यासाठी, म्हणजे ५६०० ऐवजी ६४०० साठी, जादा पैसे मोजू नका. एडिटिंगमध्ये तो फरक हाताला जाणवत नाही. क्षमता कमी असली तर मात्र लगेच जाणवते.

लॅपटॉप घेणाऱ्याने दुकानातच विचारावं, रॅम बोर्डावर चिकटवलेली आहे की जागा मोकळी आहे? पातळ लॅपटॉपमध्ये ती अनेकदा कायमची जोडलेली असते. तिथे जे घ्याल ते शेवटपर्यंत. अ‍ॅपलचा एम४ मॅक मिनी २०२४ मध्ये १६ जीबीसह ५९,९०० रुपयांना आला. एडिटिंगला तो गुणी आहे, पण त्याची मेमरी नंतर वाढत नाही आणि घेतानाच १६ ची २४ करायला तेव्हा वेगळे २०,००० लागत होते. ४के चं काम वाढणार असेल तर हा आकडा धरूनच त्याची तुलना करा.

जुनं मशीन असणाऱ्यांसाठी क्रम निराळा. ८ जीबी आणि फिरती डिस्क असेल तर आधी एसएसडी, मग आणखी ८ जीबी. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर एक रुपयाही रॅमवर घालू नका. त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ते पैसे पुढच्या मशीनसाठी बाजूला ठेवा.

भाव चढलेले असताना रॅम न घेता दिवस काढायचा एक रस्ता आहे, तो म्हणजे प्रॉक्सी. ४के फुटेजच्या हलक्या प्रती बनवायच्या, त्यांवर कापाकापी करायची आणि शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलवरून करायचं. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे, रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही. कॅमेऱ्याची १०० एमबीपीएसची ४के फाइल तासाला ४५ जीबी जागा घेते. ५ एमबीपीएसची ७२०पी प्रॉक्सी तासाला सव्वादोन जीबी. शूटिंगवरून आलं की प्रॉक्सी बनवायला लावून जेवायला बसा. सोळाच्या मशीनवर तीन कॅमेऱ्यांचं लग्न मी असंच काढलं आहे. एक्सपोर्टला वेळ तेवढाच लागतो, पण गिऱ्हाईक शेजारी बसून ‘हे काढा, ते घाला’ सांगत असतं तेव्हा टाइमलाइन अडत नाही. माझ्या मते गावातल्या बहुतेक एडिटरांनी ३२ जीबीचा विचार करण्याआधी एक सीझन प्रॉक्सीवर काढून बघावा.

मग ६४ कोणाला? आफ्टर इफेक्ट्समध्ये दिवसभर काम करणाऱ्याला. ते सॉफ्टवेअर प्रीव्ह्यूसाठी रॅम भरपूर वापरतं, म्हणून तिथे जादा रॅमचा खरा उपयोग होतो. ६के, ८के रॉ फुटेजवर रंगकाम करणाऱ्यालाही. लग्नाची टायटलं आयती टेम्प्लेट घेऊन करत असाल, तर तुम्ही या गटात नाही.

रॅमच्या बरोबरीने एका खर्चाला नाही म्हणू नका, तो म्हणजे यूपीएस. लाइट गेली की रॅममधलं सगळं त्या क्षणी पुसलं जातं, मग ती ८ असो की ६४. साधा ६०० व्हीएचा यूपीएस तीन-चार हजारांत येतो आणि प्रोजेक्ट सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याएवढा वेळ देतो. जोरदार ग्राफिक्स कार्ड असेल तर १ केव्हीएचा बघा. सेव्ह आपोआप दर पाच मिनिटांनी होईल असं सॉफ्टवेअरमध्ये लावून ठेवा.

आपल्याकडच्या कोरड्या हवेची आणि धुळीची एक खूण सांगतो. रात्री चांगलं चाललेलं मशीन सकाळी नुसता पंखा फिरवतं, स्क्रीन काळी राहते किंवा बीप वाजत राहतो. रॅम गेली असं समजून लगेच नवी घ्यायला पळू नका. मशीनची पिन काढा, पॉवरचं बटण दोनदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मग स्टिक काढा. तिच्या सोनेरी कडेवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका, दोन्ही बाजूंची कडी टक्‌ वाजेपर्यंत स्टिक परत दाबा. बरीच मशीनं एवढ्यावर उठतात. उठली नाहीत तर एकेक स्टिक एकेका जागेत लावून बघा, म्हणजे स्टिक गेली की जागा गेली ते कळेल. मशीन सुरू होतं पण मध्येच निळी स्क्रीन येते, तर विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक रात्री चालवून ठेवा. तिच्यात चूक निघाली तर बिल आणि स्टिक घेऊन दुकान उघडायच्या वेळी हजर व्हा.